डाव्या सीटवर आई

गाडी मामेभाऊ एर्मेकची, जपानहून आलेली,
स्टिअरिंग उजवीकडं.
आमच्या देशात वाहतूकही उजवीकडूनच,
म्हणजे पुढच्या ट्रकपलीकडचं मला काही दिसत नाही.
दिसतं ते डाव्या सीटवरच्या आईला.
ती काचेतून मान काढते, म्हणते, "थांब."
म्हणते, "थांब, मेंढ्या आहेत."
म्हणते, "हं. आता जा."
मी जाते,
सदुसष्ट वर्षांच्या बाईच्या शब्दावर,
ताशी नव्वदनं.

बिश्केक सोडलं तेव्हा नुसतं फटफटलं होतं.
तोकमोकला समसे घेतले, तेलानं कागद आरपार झाला.
बोओमच्या घळीत नदी
कधी या हाताला, कधी त्या हाताला,
आणि आईनं सुरू केलं, तेच,
जे आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो:
शिवणकारखान्यानं दिलेली आरोग्यधामाची चिठ्ठी,
चौऱ्याऐंशीचा ऑगस्ट,
सात दिवस, तिसऱ्या मजल्यावरची खोली,
न्याहारीला जर्दाळूचा मुरंबा, काचेच्या बशीत,
रात्री गच्चीवर एक तिरळा अकॉर्डियनवाला
आणि समोर सरोवर.
"कडाक्याच्या थंडीतसुद्धा गोठत नाही गं. हट्टी आहे."

बालिक्चीला मासे, धुरी दिलेले, दोरीला टांगलेले, तांबूस.
आईनं दहा सोमांसाठी अशी घासाघीस केली
की विकणारीनं शेवटी एक मासा फुकट दिला
आणि वर म्हणाली, "आता जा बाई."
तिथून पुढं गाडीला जो वास लागला
तो एर्मेकला कसा सांगायचा, याचा मी विचार करत राहिले.

चोल्पोन-आता. नवं निळं फाटक.
पहारेकरी कोवळा, मिसरूड नुकतीच फुटलेली,
छातीवर नाव: झानिबेक.
"खाजगी आहे, आजी."
"मी राहिलेय इथं. तिसऱ्या मजल्यावर."
त्यानं वळून इमारतीकडं पाहिलं, बोटानं मोजल्यासारखं.
"ही पहिल्यापासून दोनच मजली आहे."
"मग वरचा पाडला असेल," आई म्हणाली
आणि मासा त्याच्या हातात ठेवला. तो फुकटातला.

सार्वजनिक किनाऱ्यावर मक्याची कणसं,
गरुड हातावर घेऊन फोटो काढून देणारा,
भोपळ्याएवढ्या चेंडूमागं धावणारी उघडी पोरं.
पाण्यापलीकडं बर्फाचे डोंगर, इतके स्वच्छ
की खोटे वाटावेत.
आईनं मोजे काढले, घडी करून बुटांत ठेवले,
घोटाभर, मग गुडघाभर गेली,
ओंजळीनं तोंड धुतलं, ओठ चाटले
आणि ओरडली,
"सायरा! अगं, खारट आहे!"

शाळेच्या पुस्तकात असतं, "किंचित क्षारयुक्त".
पण ओठाला लागेपर्यंत ते कोणाला खरं वाटतं?
आणि एकदा लागल्यावर
कोण विसरतं?

त्याच वर्षी, पानं गळायच्या सुमाराला,
मला लाल कोट मिळाला होता. लोकरीचा, अस्तराचा.
मी पाच वर्षांची. गल्लीत तसा कोणाकडंच नव्हता.
चिठ्ठ्या विकल्या जायच्या, हे मला कधीच कळलेलं होतं,
इतरांच्या आयांबद्दल.

मी चपला हातात घेऊन तिच्यापर्यंत गेले.
ओंजळ भरली, चाखली.
म्हटलं, "हो गं. खारट."
ती आणखी थोडी पुढं सरकली,
झग्याचा काठ भिजला तरी लक्ष नव्हतं.

रात्री भाड्याच्या खोलीतून एर्मेकला फोन:
"सगळं बदललंय रे. मुरंबासुद्धा बाटलीतला.
पाणी तेवढं तेच."
मी मासे वर्तमानपत्रात गुंडाळत होते.
एका ऐवजी दोन वर्तमानपत्रं वापरली.

परतताना घळीत पुढं दुधाचा टँकर.
आईनं मान बाहेर काढली, केस वाऱ्यावर.
"थांब," म्हणाली.
रस्ता मोकळा असावा, समोरून आवाज नव्हता.
"थांब. जरा थांब."
आम्ही बराच वेळ टँकरच्या मागंच राहिलो.